निळ्या रेघेच्या डाव्या हाताला

जळगावहून धुळ्याला निघताना मोबाइलवर नकाशा उघडला की एक निळी रेघ दिसते. तिच्यावर मिनिटं, किलोमीटर, वाटेतले पेट्रोलपंप आणि जेवायची हॉटेलं. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. तरसोद ते फागणे चौपदरीकरणासाठी आम्ही किती वर्षं धूळ खाल्ली आणि किती घरांनी आपली माणसं गमावली, हे या पट्ट्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता रस्ता झाला. एरंडोल आणि पारोळा बायपासने बाजूला पडले. सुमारे नव्वद किलोमीटरचा प्रवास कुठेही न थांबता होतो, याचा मला आनंदच आहे. पण या रस्त्याने जाणारा माणूस खानदेश न बघताच खानदेश ओलांडतो. जळगावचा माणूससुद्धा पाहुण्यांना सांगतो, ‘आपल्याकडे केळी आणि ऊन, बघायला आहे काय?’ हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं मांडतो. प्रवासातले थांबे निघायच्या आधी घरी बसून ठरवावेत. त्यासाठी हातातला नकाशा पुरेसा आहे. आणि त्या नकाशावर आपल्या जागा नीट बसवण्याचं काम दुसरं कोणी करणार नाही, ते खानदेशच्या माणसांनीच करायचं आहे.

मला हे सुचलं एका खेळामुळे. माझा भाचा जर्मनीत नोकरी करतो. दिवाळीत तो जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याला आला. आम्हाला नातेवाइकांकडे सुरतेला जायचं होतं. आदल्या रात्री तो लॅपटॉप उघडून बसला. तिकडे सुटीत गाडी काढायची म्हटलं की आधी रस्ता आखायचा, मग त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-चार किलोमीटरच्या आत लपवलेल्या डब्या कुठे आहेत ते नकाशावर बघायचं आणि थांबे ठरवायचे, ही त्याच्या घरची रीत झाली आहे. त्याने जर्मनीचा नकाशा दाखवला तर ठिपक्यांखाली जमीन दिसेना. मग आमचा रस्ता दाखवला. म्हणाला, ‘मामा, जळगाव ते धुळे एकसुद्धा नाही.’

खेळाचं नाव जिओकॅशिंग. त्याची जन्मवेळ अगदी नेमकी सांगता येते. २ मे २००० रोजी अमेरिकेच्या सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली त्रुटी काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला स्वतःची जागा शंभर मीटरच्या फरकाने कळायची, ती एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने एक काळी बादली जंगलात ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल असल्या वस्तू घातल्या आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. थोड्याच दिवसांत लोकांनी ती शोधून काढली. त्याच वर्षी सप्टेंबरात या खेळाचं स्वतंत्र संकेतस्थळ सुरू झालं, आणि आज जगभरात तीस लाखांहून जास्त डब्या लपवलेल्या आहेत. डबी सापडली की आतल्या वहीत नाव लिहायचं. आतली वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर राखायचं. डबी शोधायला किती अवघड आणि तिथली वाट किती अवघड, याला वेगवेगळे एक ते पाच गुण. जमिनीत पुरायचं नाही, खायचा पदार्थ ठेवायचा नाही, जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

खेळ चांगला आहे. पण डबी आपल्याकडे जशीच्या तशी आणू नये, या मताला मी पक्का आहे. एसटी स्टँडवर बेवारस वस्तूला हात लावू नका अशी सूचना ऐकत आपण मोठे झालो. धुळ्यापासून मालेगाव तासाभराच्या अंतरावर आहे. २००६ आणि २००८ सालचे तिथले स्फोट आमच्या भागातल्या लोकांच्या मनातून गेलेले नाहीत. किल्ल्याच्या भिंतीत, पुलाखाली किंवा देवळाच्या आवारात कोणी अनोळखी माणूस वाकून डबा ठेवताना दिसला, तर गावकऱ्यांनी पोलिसांना बोलावणं हेच योग्य. आणि डबा शोधायला आलेल्या कॉलेजच्या पोरांवर काय प्रसंग येईल, याचाही विचार करायला हवा. मजेसाठी एखाद्या गावाचा जीव टांगणीला लावायचा नाही.

याच खेळाचा एक प्रकार बिनडब्याचा आहे, आणि तोच आपल्याला हवा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने २००४ मध्ये तो सुरू झाला. त्यात जागेवर काहीच ठेवलेलं नसतं. नकाशावर बिंदू दिलेला असतो, त्या जागेची भूगोलातली गोष्ट चार ओळींत सांगितलेली असते आणि दोन-तीन प्रश्न असतात. त्यांची उत्तरं तिथे उभं राहून, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय देता येत नाहीत. दगडाचा थर किती हात उंच, पाणी कुठून पाझरतं, भिंत कोणत्या दिशेने गेली आहे. उत्तरं त्या थांब्याच्या मालकाला पाठवायची. जागेवरचा खडासुद्धा उचलायचा नाही.

खानदेशला यापेक्षा सोयीचा खेळ सापडणार नाही. आमच्या पायाखालची जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे. तापी ही सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या खचलेल्या पट्ट्यातून पश्चिमेला जाते. द्वीपकल्पातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात, ही उलटी. धुळे-साक्री रस्त्याने सुरतेकडे जाताना रानात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात, जणू कोणी बांध घातला आहे. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. जमिनीच्या भेगांत वर चढलेला लाव्हा तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि हा टणक गाभा भिंतीसारखा उरला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा शेकडो भिंती आहेत आणि जगभरचे अभ्यासक त्यांच्यावर लिहितात. आम्ही त्यांच्या शेजारून गाणी लावून ताशी ऐंशीच्या वेगाने जातो. तिथे एक थांबा करा. मोबाइलमधलं होकायंत्र भिंतीला समांतर धरा, दिशा लिहून घ्या, आणि नकाशात तापीची दिशा बघून दोन्ही ताडून पाहा. सहावीतल्या पोरालाही जमेल असा प्रश्न आहे, आणि खानदेशची सगळी घडण त्यात आहे.

आता थांबे आखायचे कसे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

मी ठिबक सिंचनाचं काम करतो. शेताची मोजणी, सबमेन कुठून न्यायची, फिल्टर कुठे बसवायचा, अनुदानाच्या फायलीला जागेच्या खुणेसह फोटो. या कामामुळे जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच शिवारांत पायाखालची वाट झाली आहे. अक्षांश-रेखांश ही शहरी पोरांची भानगड आहे असं कोणी समजू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून पिकाचा फोटो जागेसकट चढवायला लागला. ज्याला सातबाऱ्याचा गट नंबर पाठ आहे आणि फोनमध्ये लोकेशन चालू कसं करायचं ते माहीत आहे, त्याला हा खेळ वेगळा शिकवावा लागत नाही.

पहिलं काम आकडे नीट लिहिण्याचं. मोबाइलचा नकाशा अंश दशांशात देतो. जळगाव शहर त्यात साधारण २१.००७ उत्तर, ७५.५६३ पूर्व असं दिसेल. या खेळाचे लोक अंश आणि मिनिटं लिहितात, म्हणजे तीच जागा २१ अंश ००.४ मिनिटं, ७५ अंश ३३.८ मिनिटं. ७५.५६ हे कोणी ७५ अंश ५६ मिनिटं समजला तर तो जवळजवळ चाळीस किलोमीटर पूर्वेला, भुसावळच्याही पुढे वरणगावच्या शिवारात जाऊन उभा राहील. म्हणून कोणती पद्धत वापरली ते आधी लिहायचं. दशांशचिन्हापुढे पाच आकडे घ्यायचे. तिसऱ्या आकड्यात शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो, पाचव्यात मीटरभराचा. डाक विभागाने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. देशातल्या सुमारे चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत मिळाला आहे. पाटीवर रंगवायला तो आटोपशीर आहे.

मग रस्ता आखायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा धरायचा. मी पाच किलोमीटरचा धरतो, फारच मोलाची जागा असेल तर दहा-पंधराचा. पण किलोमीटर बघून निर्णय घेऊ नये, मिनिटं बघावीत. नकाशात वाटेतला थांबा जोडला की एकूण वेळ किती वाढला ते लगेच दिसतं. मुख्य रस्त्यापासून दहा किलोमीटर डांबरी असेल तर ते जवळ. दोन किलोमीटर गाडवाट असेल आणि महिना ऑगस्टचा असेल तर ते फार लांब. आमची काळी माती ओली झाली की ट्रॅक्टरचं चाकसुद्धा फिरू देत नाही. नकाशा मात्र शिवरस्त्याला आणि डांबरी रस्त्याला बऱ्याचदा सारखीच बारीक रेघ देतो. अशा वेळी उपग्रहाचं चित्र लावून बघायचं. डांबर असेल तर पट्टा सलग दिसतो, मातीची वाट नाल्यापाशी तुटते.

तिसरी गोष्ट नकाशा सांगत नाही, पण चौपदरी रस्त्यावर तीच सगळ्यात महत्त्वाची. मध्ये दुभाजक आहे. उजव्या हाताचा थांबा चारशे मीटरवर दिसत असला तरी पुढचा कट किंवा अंडरपास येईपर्यंत जावं लागतं, आणि तेवढ्यासाठी लोक उलट्या बाजूने गाडी घालतात. ते जीवघेणं आहे. म्हणून दोन याद्या करायच्या. जाताना डाव्या हाताच्या जागा, येताना त्या बाजूने डाव्या येणाऱ्या जागा. जळगावहून धुळ्याकडे जाताना डावीकडे दक्षिण. म्हणजे एरंडोलहून पद्मालय आणि फरकांडे ही जातानाची यादी. येताना डावीकडे उत्तर, म्हणजे पारोळ्यावरून अमळनेर आणि एरंडोलवरून धरणगाव ही परतीची. हा साधा नियम लावला की अर्धा गोंधळ संपतो.

माझ्या बायकोने या यादीत पहिला रकाना स्वच्छतागृहाचा घातला. तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. बाईमाणसाला निर्धास्त उतरता येईल असा पेट्रोलपंप किंवा हॉटेल कोणतं, हे ठरल्याशिवाय बाकीचे थांबे ठरत नाहीत. मुलीने सावलीचा रकाना घातला. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो आणि काळा दगड त्याहून तापतो. तेव्हा किल्ला सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर, आणि दुपारी छपराखालचं ठिकाण. धुळ्यात दुपार काढायला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे, जळगावात २०१२ साली सुरू झालेलं गांधी तीर्थ आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, अडावदकडून उनपदेवच्या गरम झऱ्याकडे जाताना रेंज जाते, म्हणून त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचा.

इतकी तयारी केली की काय हाती लागतं ते सांगतो.

एरंडोलहून पद्मालयला गेलं की कमळांचं तळं आणि एकाच गाभाऱ्यात दोन गणपती. एकाची सोंड डावी, एकाची उजवी. प्रश्न असा ठेवता येतो: दारात उभं राहिल्यावर उजव्या सोंडेचा गणपती तुमच्या कोणत्या हाताला येतो? फोटो बघून कोणी सांगेलही, पण पुढचा प्रश्न आवारात फिरल्याशिवाय सुटणार नाही असा करायचा. तिथून फरकांडे. उतावळी नदीकाठचे झुलते मनोरे एके काळी लांबून लोक बघायला येत. एक हलवला की दुसरा झुलायचा. त्यातला एक काही दशकांपूर्वी पडला. आम्ही गेलो तेव्हा नकाशातली पिन गावाच्या मध्यावर टोचलेली आणि मनोरा भलतीकडे. निंबाखाली बसलेल्या एका बाबांनी गाडी थांबवून विचारलं, ‘मनोरा देखाले उनात का भाऊ?’ आणि काठी टेकत स्वतः सोबत आले. लहानपणी वर चढून मनोरा हलवल्याच्या आठवणी त्यांनी तपशीलवार सांगितल्या. माझ्या मुलीने त्या रेकॉर्ड करून घेतल्या, त्यांना विचारूनच. असा माणूस भेटणं हाच त्या थांब्याचा लाभ, आणि तो चाकं न थांबवता मिळत नाही.

पारोळ्याचा भुईकोट १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. बाजारपेठेच्या पोटात आहे. पूर्वी महामार्गावरून जाणाऱ्याला निदान गाव लागायचं, आता बायपासवरून तेही लागत नाही. किल्ल्याचा बिंदू नकाशात तटाच्या आत असतो आणि गाडी कुठे लावायची, दरवाजा कोणत्या गल्लीत, हे कळत नाही. इथे बिंदू तीन हवेत: पार्किंग, दरवाजा, आणि खंदक ओळखू येतो ती जागा. खेळाच्या भाषेतही एका थांब्याला असे जोडबिंदू देण्याची सोय आहे, ती वापरावी. धुळ्याच्या पुढे मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंग. रोज हजारो गाड्या त्याच्या पायथ्याने जातात. वर चढून खाली बघितलं की हा किल्ला नेमका इथेच का, ते कोणी समजावून सांगायची गरज राहत नाही. दक्खनमधून खानदेशात उतरणारी वाट त्याच्या मुठीत आहे. चाळीसगावकडून जायचं असेल तर पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. गणिताच्या शाळेची सनद दगडावर कोरलेली, आणि आमच्या जिल्ह्यातली दहावीची पोरं गणिताला घाबरतात. प्रत्येक वर्गाला एकदा तिथे नेऊन उभं करावं असं मला वाटतं.

नागपूरकडे जाणाऱ्यांना मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. आणि कोणी वर्धा-हिंगणघाटपर्यंत जाणार असेल तर तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळून साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी ज्याने सुरू केली, तो काम करता करता १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. आज बोटाने सरकवतो त्या नकाशाच्या मुळाशी त्याचे त्रिकोण आहेत. त्या थांब्यावर डोकं टेकवावं इतकी माझी त्या कामावर श्रद्धा आहे.

मग हे सगळं निळ्या रेघेच्या कडेला आपोआप का दिसत नाही? कारण नकाशा चालवणाऱ्या कंपन्यांचा हिशेब वेगळा आहे. वाटेत काय दाखवायचं ते ठरवताना अंतर बघतात, तुम्ही काय शोधलं ते बघतात आणि त्या जागेची प्रसिद्धी बघतात. ज्याच्याबद्दल हजार लोकांनी लिहिलं तो ढाबा ठळक होतो, आणखी लोक जातात, आणखी लिहितात. ज्याच्याबद्दल चार जणांनी लिहिलं तो मनोरा, तुम्ही बोटांनी नकाशा फाकवून फाकवून अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. जे अज्ञात आहे ते आणखी अज्ञात होत जातं. यात कोणाचा दुष्टावा नाही, पण परिणाम आपल्याला भोगावा लागतो. पिंप्री, पिंपळगाव, वडगाव ही नावं तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि रोमन स्पेलिंग जो तो आपापलं करतो, त्यामुळे शोधूनही भलतंच गाव निघतं.

याला उपाय आपल्या हातात आहे. २००४ पासून चालू असलेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी लोकांसाठी भरलेला नकाशा आहे. कोणीही खातं उघडून त्यात जागा, रस्ता, विहीर, मराठी नाव भरू शकतो. व्यापारी कंपन्यांच्या नकाशांतही दुरुस्ती सुचवता येते. पूर्वी नकाशे करायचे म्हणजे परवानग्या, भीती. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिकांना आणि कंपन्यांना नकाशे बनवायला आगाऊ परवानगीची गरज उरली नाही, फक्त संवेदनशील जागांची यादी सोडून. आता ‘सरकार करू देत नाही’ असं म्हणता येणार नाही.

आणि या कामाची परंपरा परकी नाही, धुळ्याचीच आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरून जुनी दप्तरं खाली काढली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचे बावीस खंड काढले. त्यांचा शेवट धुळ्यात झाला, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं मंडळ उभं राहिलं. जागेवर जाऊन, माणसाला भेटून, डोळ्यांनी बघून लिहायचं, ही शिस्त त्यांनी घालून दिली. आपल्याजवळ गाडी आहे, फोन आहे, रस्ता आहे. त्यांच्या शतांशाने तरी करूया.

माझे एक शिक्षक मित्र या कल्पनेला विरोध करतात. ते म्हणतात, जागा नकाशावर आली की गर्दी येते, प्लास्टिक येतं, भिंतीवर बदाम आणि नावं कोरली जातात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर काय चालतं ते सगळे बघतात. म्हणून मी दोन गोष्टी धरून आहे. काही जागा नकाशावर टाकायच्याच नाहीत: पक्ष्यांची घरटी, सातपुड्यातल्या पाड्यांची देवस्थानं, गावाच्या पिण्याच्या पाण्याचे झरे. आणि बाकीच्या प्रत्येक जागेसाठी आधी ग्रामपंचायतीला विचारायचं. गावाने नको म्हटलं तर तो विषय तिथेच संपला. पण गुप्त ठेवल्याने जागा वाचतात, हे मला मान्य नाही. ज्याची कोणाला खबर नसते त्या भिंतीचे दगड रातोरात उचलून नेले तरी बोंब मारायला कोणी नसतं. फरकांड्याचा उरलेला मनोरा वाचायचा असेल तर तो बघणारे डोळे वाढले पाहिजेत.

हे काम कोणाकडे जावं याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव धारण करणाऱ्या आमच्या विद्यापीठात राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी खेड्यांत शिबिरांना जातात. त्या शिबिरात एक दिवस नकाशाचा असावा. ज्या गावात शिबिर, त्या गावाच्या पाच जागा, पाच अंकी दशांशासह, मराठी नावासह, आणि प्रत्येक जागेला जागेवरच सुटणारा एक प्रश्न. बहिणाबाईंच्या आसोद्यापासून सुरुवात करता येईल, जळगावहून हाकेच्या अंतरावर आहे. बालकवींचं धरणगाव आणि जिथे रेल्वेखाली त्यांचा अंत झाला ते भादली स्टेशन, दोन्ही याच जिल्ह्यात. साने गुरुजींचं अमळनेर आहे. एका कवीच्या जन्मगावापासून मृत्यूच्या जागेपर्यंतचा रस्ता एका दिवसात होतो, आणि तो आखलेला कुठे सापडत नाही.

आमच्या पिंप्राळ्याचा बिंदू मी आणि माझी मुलगी टाकतो आहोत. आषाढी एकादशीला इथे विठ्ठलाचा रथ निघतो, पंचक्रोशी लोटते, आणि मोगरी, म्हणजे रथाच्या चाकाला द्यायची लाकडी पाचर, लावणारे हात चाकाशी वाकलेले असतात. त्या थांब्याचा प्रश्न आम्ही मोगरीवर ठेवला आहे: ती कोणत्या लाकडाची, आणि वळणावर ती चाकाच्या कोणत्या बाजूला देतात? उत्तरासाठी मोगरीवाल्याशी बोलावं लागेल.

राहता राहिल्या नगरपालिका. एरंडोल आणि पारोळ्याच्या बायपासला गावाचा फाटा जिथे फुटतो तिथे गावाच्या नावाखाली एकच ओळ वाढवावी. एका फाट्यावर ‘पद्मालय, फरकांडे’, दुसऱ्यावर ‘भुईकोट किल्ला’, सोबत डिजिपिन, आणि पाटी कटाच्या अलीकडे दोनशे मीटर, म्हणजे गाडीवाल्याला वेग कमी करून डावीकडे यायला वेळ मिळेल. येत्या पावसाळ्याआधी एवढं झालं तर बाकीचे बिंदू भरायला आम्ही पोरांना घेऊन तयार आहोत.